दोनशे माणसांचा हात

पलटणीत त्याला सगळे पळी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. भरती झाला तेव्हा नेमबाजीत त्याने असा काही उजेड पाडला, की याच्या हाती बंदूक देण्यापेक्षा पळी देणंच सगळ्यांच्या जिवाला बरं, असं साहेबांनी ठरवलं. तेव्हापासून तो दोनशे माणसांचा स्वयंपाक करत आला. बर्फात केला, वाळूत केला, तंबूत केला, एकदा तर चालत्या बोटीवर केला. मिठासाठी त्याला चमचा लागत नसे. मूठ भरायची आणि सोडायची. भाताचं पाणी बोटाने नाही, नजरेने. चव घेऊन पाहणं त्याला कमीपणाचं वाटे; वासावरून कळलं नाही तर तो आचारी कसला, असं तो हाताखालच्या पोरांना सांगे.

निवृत्त होणाऱ्यांसाठी पलटणीत दरवर्षी एक वर्ग भरे. पेन्शन किती बसेल, फंड किती मिळेल, तो कुठे ठेवावा आणि कुणाच्या नादाला लागून कुठे ठेवू नये, हे सगळं पगार विभागाच्या मॅडम नीट समजावून सांगत. पळीने असे पुष्कळ वर्ग पाहिले होते, पण सगळे चहाचा ट्रे हातात धरून. ‘आता सगळ्यांत महत्त्वाचं लक्षात ठेवा,’ असं मॅडम म्हणाल्या, की नेमके त्याच वेळी ट्रेमधले कप संपायचे आणि त्याला माघारी फिरावं लागायचं. स्वतःच्या वर्षी तरी खुर्चीवर बसून ऐकू, असं त्याने ठरवलं होतं. पण हाताखालचा आचारी त्याच आठवड्यात काविळीने आडवा झाला, आणि पळीने आपल्याच बरोबरच्या लोकांना चहा वाटला.

मॅडमना ते लक्षात आलं. त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “घरी पैशाचं कोण बघतं?”

“बायको.”

“मग तिचं ऐका,” असं म्हणून त्यांनी दुसरा कप उचलला.

निरोपाच्या जेवणाचा स्वयंपाकही त्यानेच केला. दुसऱ्याने केला असता तर तो त्याच्या घशाखाली उतरला नसता.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बायकोचं शिवणयंत्र. ती शाळांचे गणवेश शिवायची. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने तिच्या पायाला उसंत नसे. मुलगी जवळच्याच इस्पितळात परिचारिकेचं शिक्षण घेत होती. पळी इतकी वर्षं या घरात रजेवर येत आला होता. रजेवर आलेला नवरा पाहुण्यासारखाच: त्याला पहिलं ताट, त्याला खिडकीकडची जागा, त्याच्यापुढे कुणी रडगाणं लावायचं नाही. आता हा पाहुणा कायमचा मुक्कामाला आला होता. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. पळीला तिसऱ्या दिवशीच कळलं, की आपण या घराला ओळखत नाही. गॅसचं सिलिंडर संपलं की कुणाला सांगायचं, घरमालक भाडं न्यायला कधी येतो, विजेचं बिल किती येतं, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पलटणीत बूट झिजले की नवे मिळत. दात दुखला की डॉक्टर होता. पगार तो इमानेइतबारे घरी पाठवत आला होता, आणि पाठवला की आपलं कर्तव्य संपलं, असं धरून चालला होता.

मुलगी आईला ‘अगं आई’ म्हणायची आणि त्याला ‘अहो बाबा’. आईला एकेरी, बाबांना तुम्ही. त्यात वावगं काही नव्हतं, पुष्कळ घरांत तसंच असतं. तरी त्याच्या कानाला ते लागायचं.

पहिल्याच आठवड्यात तो बाजारात गेला आणि कांद्याचं पोतं घेऊन आला. रिक्षावाल्याने ते दारात टाकलं. बायकोने यंत्र थांबवलं आणि पोत्याकडे पाहिलं.

“हे कुणाचं?”

“आपलं. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं.”

“आपल्याला हे दिवाणखान्यात ठेवावं लागेल, आणि दिवाणखाना आपल्याकडे नाही.”

मग त्याने स्वयंपाकाला हात घातला. बायकोचे पाय दिवसभर यंत्रावर, मुलीला अभ्यास; निदान एक वेळचं जेवण तरी मी करतो, म्हणाला. भांडी सगळी भरली, शेजारणीची दोन आणली, तीही भरली. त्या रात्री जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी बटाट्याची भाजी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तीच खाल्ली. भाजी उत्तम झाली होती, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

“अहो, आपण तिघंच आहोत,” बायको म्हणाली.

त्याने अगदी मनापासून विचारलं, “तिघांचा स्वयंपाक करतात कसा?”

ती हसली, मग तिला त्याची दया आली, आणि तिने त्याच्यासमोर तांदूळ मोजून दाखवले. ते मूठभर दाणे पाहून त्याला वाटलं, यात काय होणार. पण पुरले.

फंडाचे पैसे आले आणि नातेवाइकांना त्याची आठवण आली. ज्यांनी वर्षानुवर्षं उंबरा ओलांडला नव्हता, ते मिठाईचे पुडे घेऊन आले. मेहुणा जमिनीची दलाली करायचा. त्याने गावाबाहेरच्या एका माळाचा फोटो दाखवला. “भाऊजी, जमीन कुठे पळून जात नाही.”

बायको सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “जमीन नाही पळत रे. पैसा पळतो. या माळाचा रस्ता कुठून आहे ते दाखव आधी.”

फोटोत रस्ता नव्हता. मेहुणा चहा पिऊन गेला.

पळीच्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं. त्याला खानावळ काढायची होती. बसस्थानकामागच्या गल्लीत एक गाळा रिकामा होता. येणारेजाणारे उपाशी असतातच, आणि आपल्या हातचं जो एकदा खाईल तो पुन्हा येईलच, असा त्याचा हिशेब. तो सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते, की बायकोने नाही म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं. एक दिवस विचार करून तिने आपली अट सांगितली. फंडाचे दोन भाग करायचे. अर्धा त्याचा, त्याने त्याचं काय वाटेल ते करावं. अर्धा बँकेत दोघांच्या नावावर काही वर्षांसाठी ठेवायचा, आणि एकाच्या सहीने तो निघता कामा नये.

त्याला ते झोंबलं. “दोनशे माणसं माझ्या भरवशावर जेवत होती. तुझा माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे. तुमच्या हाताची मला भीती वाटते.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तो हात कधी आखडलेला मी पाहिला नाही. ही चांगली गोष्ट आहे. पण तिला सरकारचं कोठार पाठीशी लागतं, आपल्या पाठीशी भिंत आहे.”

दोन दिवस अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी तो मुकाट्याने तिच्याबरोबर बँकेत गेला आणि जिथे सांगितलं तिथे सही केली. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, “हे पैसे तसेच पडून राहणार.” ती म्हणाली, “पडू देत. उभे राहिले की चालायला लागतात.”

खानावळ सुरू झाली. पळीने मोठ्या शेगड्या घेतल्या, मोठी पातेली घेतली, लांब बाकडी करून घेतली. पाटी लावली. पहिल्या दिवशी गर्दी झाली, कारण पहिल्या दिवशी त्याने कुणाकडून पैसेच घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घ्यायचं ठरलं होतं, पण माणूस भुकेला दिसला की त्याला दर सांगताना जीभ अडखळे. वर्दीतला कुणी आला, की प्रश्नच नाही. जुना फौजी आला, की त्याच्या ताटात दुप्पट. अन्न चांगलं होतं, लोक यायचे, पण गल्ली होती चाळीस-पन्नास माणसांची आणि पातेली होती दोनशेंची. दुपार टळली की उरलेलं हमालांना, मग भिकाऱ्यांना, मग कुत्र्यांना. गल्लीतली कुत्री इतकी सुखावली, की चोर आला तरी उठून भुंकेनात.

रोज येणाऱ्यांत एक होता वायरलेस. पलटणीत तो संदेशयंत्रावर होता, आणि बोलायला लागला की त्याला ना तार लागायची ना श्वास, म्हणून हे नाव. पळीच्या आधी दोन वर्षं तो निवृत्त झाला होता. सकाळी अकराला येऊन बाकड्यावर बसायचा, दुपारी जेवायचा, संध्याकाळी उठायचा. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचा; घराचा विषय निघाला की मात्र पाणी प्यायला उठायचा. पळीला वाटे, याचं बरं चाललं असेल, म्हणून एवढा वेळ आहे.

एका दुपारी बायको खानावळीत आली. याआधी ती आली नव्हती. बाकड्यावर बसली, इतरांसारखं ताट मागितलं, सावकाश जेवली आणि उठताना पाटीवर लिहिलेले पैसे काढून त्याच्यासमोर ठेवले.

“हे काय?” तो गोंधळला.

“गिऱ्हाईक आहे मी. आज इथे जेवलेल्यांत पैसे देणारं मी पाचवं माणूस. बसल्या बसल्या पाहिलं.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “जेवण फार चांगलं आहे. म्हणूनच वाईट वाटतं.”

त्या दिवसानंतर त्याने पातेली अर्धी भरून पाहिली. पण अर्ध्या पातेल्यात त्याचा हातच चालेना. भाजी कधी खारट, कधी अळणी. वासाने कळायचं ते कळेनासं झालं. पदार्थ आटोपशीर करायला गेला की त्याला वाटे, कुणीतरी उपाशी राहील. अखेर एक दिवस भाजीवाल्याने उधारी बंद केली, गाळामालकाने निरोप पाठवला, आणि पळीने शेगडी विझवली. पातेली मोडीच्या भावाने गेली. त्याच्या वाटणीचा अर्धा फंड एक उन्हाळा, एक पावसाळा आणि थोडा हिवाळा पुरला.

सामान उचलून झालं तरी वायरलेस रिकाम्या गाळ्यात उभा होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा कमी बोलला.

“तुझं निम्मं तरी शिल्लक आहे,” तो म्हणाला. “माझं एका वर्षात साफ झालं. मोटार घेतली, भावाला धंद्याला दिले, चार मित्रांना उसने दिले. सगळे म्हणायचे, काय दिलदार माणूस आहे. बायको पहिल्याच महिन्यात म्हणाली, थांब. मी म्हटलं, तुला पैशातलं काय कळतं? ती मुलांना घेऊन माहेरी गेली. मोटारही गेली.”

“मग तू राहतोस कुठे?”

“भावाच्या दुकानाच्या माळ्यावर. रात्री दुकान राखतो, असं तो लोकांना सांगतो.”

पळीला आता कळलं, की इतके दिवस हा माणूस गप्पा मारायला नाही, जेवायला येत होता. त्याला स्वतःच्या खानावळीचं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

पण ते बरं वाटणं घरी पोचेपर्यंत टिकलं नाही. पुढचे दोन महिने वाईट गेले. पेन्शनमधून भाडं निघायचं आणि थोडं धान्य. बाकी सगळं, मुलीच्या शुल्कासकट, यंत्रावर. त्या यंत्राचा आवाज त्याला सहन होईना. सकाळी तो इस्त्रीचे कपडे घालून, दाढी करून बाहेर पडायचा आणि बसस्थानकाच्या बाकावर बसायचा. कामाला जातो असं त्याने सांगितलं नव्हतं, आणि बायकोने विचारलं नव्हतं. डबा मात्र ती रोज हातात द्यायची.

एकदा त्यालाच राहवलं नाही. जेवता जेवता म्हणाला, “एकदा बोलून टाक ना. सांगितलं होतं म्हणून.”

तिने त्याच्या ताटात भात वाढला. “सांगितलं होतं म्हणून काय तांदूळ स्वस्त होणार आहेत?”

“मी दोनशे माणसांना जेवू घालायचो.”

“घालत होतात. मग आता दोनशे माणसं शोधा. गल्ली चुकली तुमची, हात नाही चुकला.”

हे ती सहज बोलून गेली. भांडी आवरताना विसरलीही असेल. तो बराच वेळ तसाच हात वाळवत बसून राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी तो बाकावर असताना मुलीचा फोन आला. तिच्या इस्पितळात जेवणाचं कंत्राट ज्याच्याकडे होतं, त्याचं आणि व्यवस्थापनाचं बिलावरून वाजलं होतं. तो आपली माणसं घेऊन निघून गेला होता. सकाळचा नाश्ता गेलाच नव्हता, आणि दुपारचं काय, कुणालाच माहीत नव्हतं. रुग्णांचे नातेवाईक मेट्रनच्या खोलीपुढे जमले होते.

“बाबा, तू येतोस का?” मुलगी म्हणाली.

तो उठला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला वायरलेस डुलक्या घेत होता. त्याला त्याने दंडाला धरून उठवलं. रिक्षात बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की मुलगी आत्ता काय म्हणाली. वायरलेसला त्याने ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावभर झालं असतं.

इस्पितळाचं स्वयंपाकघर मोठं होतं आणि ओकंबोकं होतं. भांडी होती, शेगड्या होत्या, कोठारात तांदूळ, डाळ, बटाटे, भोपळे होते. माणसं तेवढी नव्हती. पळीने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. दोन सफाई कामगार, एक पहारेकरी आणि नातेवाइकांतल्या चार बायका त्याने भाजी चिरायला बसवल्या. वायरलेसला पाण्यावर ठेवलं. मग तो पातेल्यापुढे उभा राहिला, मूठ भरून मीठ घेतलं आणि सोडलं, आणि कित्येक महिन्यांनी त्याला वासावरून कळलं, की बरोबर पडलं. साडेबाराच्या आत भात, डाळ आणि भाजी तयार होती. मेट्रन दारात येऊन उभ्या राहिल्या आणि नुसत्याच वास घेत राहिल्या.

तेवढ्यात आहारतज्ज्ञ आली. मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, केस घट्ट बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. तिने चमच्याने डाळ चाखली.

“फार छान झालीय, काका. पण हृदयाच्या वॉर्डात आणि मूत्रपिंडाच्या वॉर्डात यातलं काहीच जाणार नाही.”

“का? काय कमी आहे?”

“कमी काही नाही. जास्त आहे. मीठ.”

पळीचं डोकं फिरलं. बर्फात, वाळूत, बोटीवर त्याच्या मिठाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो काही बोलणार, तोच ती म्हणाली, “माझ्याबरोबर पाच मिनिटं चला.” तिने त्याला हृदयाच्या वॉर्डाच्या दारात नेलं. दाराजवळच्या खाटेवर त्याच्याच वयाचा एक माणूस उशांना टेकून बसला होता. पाय सुजून खांबासारखे झालेले, आणि बोलताना मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत होता. शेजारी त्याची बायको रिकामी वाटी धरून बसली होती.

“हे मागच्या आठवड्यात बरे होऊन घरी गेले होते,” ती हळू आवाजात म्हणाली. “घरी मनासारखं जेवले. तीन दिवसांत परत आले.”

स्वयंपाकघरात परत आल्यावर पळीने विचारलं, “या लोकांचं किती घालायचं?” तिने वजनकाटा काढला. एका माणसापुरतं म्हणून काट्यावर तिने जे ठेवलं, ते त्याच्या दोन नखांवर मावलं असतं.

“आणि चव?”

“ती तुम्ही आणायची. ते मला जमत नाही,” ती म्हणाली, आणि ते तिने इतक्या सरळपणे सांगितलं, की त्याच्या रागाला बसायला जागाच उरली नाही.

त्याने त्या दोन वॉर्डांसाठी वेगळी डाळ शिजवली. लिंबू पिळलं, आलं किसून घातलं, लसूण खरपूस परतून वर टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पदार्थ चाखून पाहिला. अळणीच होता. पुन्हा लिंबू पिळलं. बरा झाला, पण चांगला झाला असं काही त्याला म्हणवेना. त्या दिवशी सर्वांना जेवण मिळालं. दोन वॉर्डांना ते उशिरा मिळालं आणि त्यातल्या काहींनी तोंडं वाकडी केली.

व्यवस्थापनाने त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं, मग आणखी एक आठवडा. मग त्यांना वाटलं, कंत्राटाच्या भानगडीत पुन्हा पडण्यापेक्षा आपलंच स्वयंपाकघर चालवावं. व्यवस्थापकांनी त्याला बोलावून मुख्य आचाऱ्याची जागा देऊ केली.

“घरी विचारून सांगतो,” पळी म्हणाला.

घरी त्याने सांगितल्यावर बायकोने यंत्र थांबवलं. “पगार कुठल्या तारखेला? आजारपणाची रजा? आणि म्हातारपणासाठी काही कापून ठेवतात का?”

यातलं त्याने काहीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली. व्यवस्थापकांच्या समोर नीट बसली आणि एकेक प्रश्न विचारला. कापून ठेवायची सोय होती, पण ती ज्याच्या त्याच्या मर्जीवर होती. “जास्तीत जास्त जेवढं कापता येईल तेवढं कापा,” ती म्हणाली. व्यवस्थापकांनी पळीकडे पाहिलं. पळी म्हणाला, “कापा.”

वायरलेसलाही काम मिळालं. जेवणाची ढकलगाडी घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरायचं. पहिल्या महिन्यात त्याच्या बडबडीच्या दोन तक्रारी आल्या. नंतर एका वॉर्डातल्या म्हाताऱ्यांनी, तो रजेवर गेला त्या दिवशी, आज बातम्या का नाहीत म्हणून विचारलं. पहिला पगार हातात पडला तसा तो पळीच्या घरी आला आणि पाकीट वहिनींपुढे ठेवलं.

“वहिनी, हे तुम्हीच ठेवा. माझ्या हातात राहत नाही.”

“मी नाही ठेवणार,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या नवऱ्याचे पैसे मी कशाला सांभाळू? तुमच्या बायकोला फोन करा. तिच्या नावावर खातं काढा.”

“ती फोन उचलत नाही.”

“उचलेपर्यंत करा. तुम्हाला बोलायचा कंटाळा कधीपासून यायला लागला?”

त्याने फोन केले. किती केले, त्यालाच माहीत. तिच्या खात्यात पैसे जायला लागल्यावर चार महिन्यांनी त्याची बायको मुलांना घेऊन एका रविवारी येऊन गेली. मग दर महिन्याला यायला लागली. अजून ती पुरती परतलेली नाही, आणि परतेलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण वायरलेसने दुकानाचा माळा सोडला आणि एक खोली घेतली, तिच्यात दोन खाटा टाकल्या, मुलांसाठी.

पळी इस्पितळात रुळायला वर्ष गेलं. वजनकाट्याशी त्याचं जमलं, पण प्रेम बसलं नाही. आहारतज्ज्ञ आणि तो आठवड्यातून एकदा तरी भांडत, आणि तिच्या वाढदिवसाला त्याने तिच्यासाठी मुद्दाम खारट भाजी केली. मूत्रपिंडाच्या वॉर्डातल्या एका म्हातारीने, काल डाळीला चव होती, असा निरोप पाठवला, तेव्हा तो निरोप त्याने घरी तीनदा सांगितला. मुलगी शिकून त्याच इस्पितळात लागली होती. डबा खायला स्वयंपाकघरात यायची आणि त्याला नावं ठेवायची, अगदी आईला ठेवायची तशी.

बँकेतला अर्धा फंड मुदत पुरी होऊन सुटला, त्याच सुमाराला घरमालकाने घर विकायला काढलं. आधी भाडेकरूंना विचारलं. पळीला वाटलं, आता कुठे जायचं. बायकोने कागदावर काही लिहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. यंत्र चालवता चालवता दोन दिवस ओठांशी पुटपुटत राहिली. फंड, त्यावरचं व्याज, तिची साठवण, आणि उरलेल्यासाठी पगारावर मिळणारं बँकेचं कर्ज. दोन खोल्या बसत होत्या. अगदी काठोकाठ, पण बसत होत्या.

“वरची गच्ची नाही मिळणार,” ती म्हणाली. “तिचे पैसे तो वेगळे मागतो.”

“गच्चीत काय करायचंय? गच्ची दिलीस तर मी पंगत बसवीन.”

“म्हणूनच नाही घेत.”

नोंदणी कार्यालयात भिंतीला पंखा होता आणि तो फिरत नव्हता. कारकून वयस्कर, चष्मा नाकावर घसरलेला. त्याने पळीचा व्यवसाय विचारला, लिहिला. मग बायकोकडे न पाहताच ‘घरकाम’ असं लिहायला घेतलं.

“शिवणकाम,” पळी म्हणाला. “शिवणकाम लिहा.”

कारकुनाने खोडून पुन्हा लिहिलं आणि कागद पळीपुढे सरकवला. “खरेदी करणाऱ्याची सही इथे.”

पळीने कागद बायकोकडे वळवला. “घर यांनी घेतलंय,” तो म्हणाला. “मी सोबत आलोय. माझी सही खाली चालेल ना?”

चालत होती. तिने सही केली, हळूहळू, अक्षर न् अक्षर पुरं करत. त्याने खाली केली. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, की गणवेशांचं काम राहिलंय, लवकर चला. दोघं भराभर चालत बसस्थानकाकडे निघाली. वाटेत त्याला भाजीवाला दिसला, तो थांबला, आणि तिने काही म्हणायच्या आत त्याने तीन माणसांपुरते बटाटे घेतले.

“चौघांपुरते घ्या,” ती म्हणाली. “वायरलेस येणार आहे. आज गप्प बसणार नाही तो.”